नेट 'जाते' म्हणजे काय होते?

मराठीत नेट 'जाते' आणि 'येते'. वीज जाते, नळाला पाणी येते, मोबाइलची रेंज जाते. त्याच पंगतीत नेटही येऊन बसले. हे पहिल्यापासून असेच नव्हते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून, नंबर फिरवून मिळवावे लागे. साहजिकच क्रियापदही टेलिफोनचेच होते. फोन जसा 'लागतो', तसे नेट 'लागत' असे किंवा 'लागत नसे'. पुढे ब्रॉडबँड आले, नेट दिवसरात्र चालू राहू लागले आणि 'लागणे' मागे पडून 'जाणे-येणे' रूढ झाले. आपण प्रयत्न करून मिळवायची गोष्ट आता नळाच्या पाण्यासारखी आपोआप यायची गोष्ट झाली. एका क्रियापदाच्या बदलात तंत्रज्ञानाचा एवढा इतिहास साठून राहतो.

भाषेचा अभ्यासक म्हणून मला हे वाक्य आवडते. घरातील बिघाड शोधणारा म्हणून मात्र ते अजिबात आवडत नाही. 'नेट गेले' या वाक्याला घालवणारा कोणी नाही. रस्त्यावर खोदकाम करताना तार तुटली असेल, केबलवाल्याकडचे यंत्र बंद पडले असेल, घरातल्या राउटरला पुरेशी वीज मिळत नसेल, शेजाऱ्यांच्या लहरी आपल्या लहरींत मिसळत असतील किंवा फक्त आपल्या लॅपटॉपचेच काही बिनसले असेल. या पाच वेगवेगळ्या घटना आहेत आणि पाचांचे उपाय वेगळे आहेत. वाक्य मात्र पाचांना एकच. बिघाड सापडावा असे वाटत असेल तर आधी हे वाक्य फोडावे लागते.

ते फोडण्याची वेळ माझ्यावर एका इकारामुळे आली. सांगली आणि मिरज यांच्या मधोमध असलेल्या विश्रामबागेत माझे घर आहे. दर रविवारी सकाळी तेथूनच मी दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन संपर्क-सत्र घेतो. समोर तीस-पस्तीस जण असतात. कोणी साखर कारखान्यात नोकरीला असतात, कोणी अंगणवाडी सांभाळतात, कोणी एसटीत वाहक असतात. आठवड्यातला एकुलता मोकळा दिवस ते व्याकरणाला देतात. एका रविवारी लेखनविषयक नियमांचा पाठ होता. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या आणि १९६२ पासून शासनमान्य असलेल्या नियमांपैकी उपान्त्य इकार-उकारांचा नियम आपल्या परिचयाचा असेल. शब्द अकारान्त असला की उपान्त्य इकार किंवा उकार दीर्घ लिहायचा : गरीब, वकील, विहीर, फूल, तूप. त्याला जोडून मी म्हणालो, "हा नियम तत्सम शब्दांना लागू नाही." मंदिर, पंडित, गुण, कुसुम हे शब्द संस्कृतात जसे आहेत तसेच ऱ्हस्व राहतात.

तीन आठवड्यांनी स्वाध्याय हाती आले. त्यांत 'मंदीर' होते, 'पंडीत' होते, 'गूण'सुद्धा होते. 'मंदीर' पाहून मी दचकलो नसतो, कारण ते देवळांच्या पाट्यांवरही सर्रास दिसते. पण येथे सात-आठ जणांनी खाली नियमही लिहिला होता : "हा नियम तत्सम शब्दांनाही लागू आहे." एका ताईंनी आपल्या वहीच्या पानाचे छायाचित्रच पाठवले आणि विचारले, "सर, तुम्ही त्या दिवशी असंच सांगितलंत ना?" सुवाच्य अक्षरात, तारीख घालून त्यांनी लिहून घेतलेले वाक्य असे होते : 'हा नियम तत्सम शब्दांना लागू'. एवढेच. शेवटचा शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. 'लागू'च्या पुढे त्यांनी मनाने 'आहे' भरले, आणि कोणीही तेच भरले असते.

हा बिघाड मराठीच्या रचनेमुळे अधिक घातक ठरतो. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही शेवटी : जाणार नाही, लागू नाही, चालत नाही. इंग्रजीत नकार वाक्याच्या मध्यात, क्रियापदाच्या आधीच येऊन जातो. वाक्याची शेपटी तुटली तरी तो शाबूत राहतो. मराठीत शेपटी तुटली की अर्थ उलटतो. त्यात विधानार्थी वाक्याच्या शेवटी आपला स्वर उतरतो, आवाज मंद होतो. म्हणजे ज्या शब्दावर सगळा अर्थ टांगलेला असतो, तोच सर्वांत हळू उच्चारला जातो. समोर बसलेल्या वर्गात मानेची हालचाल, हाताची खूण, फळ्यावरची फुली यांनी हे भरून निघते. तुटक्या आवाजात ते भरून निघत नाही.

मी सेवा पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलाने सौजन्याने सांगितले, "सर, तुमचा प्लॅन जुना आहे, वेग वाढवून घ्या." हा सल्ला जवळपास सर्वांना मिळतो, आणि निदान माझ्या तक्रारीला तो लागू पडत नव्हता. नुसत्या आवाजाच्या संभाषणाला सेकंदाला शंभर किलोबिटच्या आसपास वेग पुरतो, चित्रासह बोलायला दोन-तीन मेगाबिट. माझ्याकडे तेव्हाही पन्नास होते. अडचण वेगाची नव्हती, सातत्याची होती. फाइल उतरवताना वाटेत एखादा तुकडा हरवला तर संगणक तो पुन्हा मागवून घेतो; फाइल दोन क्षण उशिरा, पण पूर्ण मिळते. बोलण्याचे तसे नसते. आवाजाचे साधारण वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करून ते पुडक्यांसारखे पाठवले जातात. एखादे पुडके उशिरा आले तर ते टाकून दिले जाते, कारण मागचा शब्द पुढच्या शब्दानंतर ऐकवून उपयोग नसतो. 'नाही' म्हणायला मला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागत असेल. तेवढी पंधरा-सोळा पुडकी अडखळली की निषेध संपला. म्हणून वेग मोजणारे पान 'उत्तम' असे दाखवते, सिनेमा न थांबता चालतो, आणि वर्ग मात्र तुटतो.

आता वाक्य फोडण्याकडे वळतो. पहिला प्रश्न : बिघाड घराबाहेरचा की घरातला? फायबरची बारीक पिवळी तार ज्या डबीत येते, तिच्यावर दिव्यांची रांग असते. त्यांतला एलओएस हा दिवा लाल झाला, तर प्रकाशाचा संदेश घरापर्यंत येतच नाही. हे 'लॉस ऑफ सिग्नल'चे लघुरूप आहे. आमच्याकडचे जोडणीवाले त्याला सरळ 'लॉस' म्हणतात आणि 'लॉस आलाय' असे बोलतात, जणू धंद्यात खोट आली. लघुरूपाचा उच्चार करताना मूळ शब्द पुन्हा सापडला, ही गंमतच. तो दिवा लाल असेल तर राउटरशी झटापट करण्यात अर्थ नाही; तार जोडायला माणूसच यावा लागतो. माझ्या घरी तो दिवा शांत होता. म्हणजे बाहेरचे ठीक होते.

दुसरा प्रश्न : तारेत की हवेत? लॅपटॉप राउटरला केबलने जोडला आणि राउटरलाच हाका मारायला सांगितले. 'पिंग' नावाची एक साधी आज्ञा असते. ती समोरच्या यंत्राला साद घालते आणि प्रतिसाद किती वेळात आला ते मोजते. राउटरचा घरातला पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा त्यासारखाच असतो. केबलवरून प्रत्येक हाकेला एका मिलिसेकंदात 'ओ' मिळाली. केबल काढून वायफायवर तीच आज्ञा दिली, तेव्हा कधी तीन मिलिसेकंद, कधी तीनशे, कधी उत्तरच नाही. ज्या यंत्राला हाक मारत होतो ते बाहेरच्या जगात नव्हते, शेजारच्या खोलीत होते. माझा 'नाही' सांगली जिल्ह्यातल्या गावोगावी जाताना हरवला नव्हता. तो पहिल्या दहा-बारा फुटांतच पडला होता.

या सगळ्यात भर घालणारी आणखी एक खोड होती. दिवसातून दोन-तीनदा राउटरचे सगळेच दिवे क्षणभर विझून पुन्हा लागत. ही तक्रार वेगळी आणि आधीची तक्रार वेगळी, हे ओळखायला आठवडा गेला, कारण घरात दोन्हींना एकच नाव होते. वेळा कागदावर टिपू लागलो तेव्हा फरक दिसला : आवाज तुटे तो संध्याकाळी आणि रविवारी सकाळी, दिवे विझत ते कधीही. राउटरचा ॲडॉप्टर घेऊन मी सांगलीत टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे गेलो. त्याने मीटर लावला, थोडा भार दिला आणि म्हणाला, "सर, वर बारा लिहिलंय, पण लोड दिला की नऊवर येतोय. हा गेला." (येथेही 'गेला'च!) अशा ॲडॉप्टरमधली कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातात. नवा ॲडॉप्टर दोनशे रुपयांत मिळाला. घेताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, पिनेची धन-ऋण बाजू तीच हवी, ॲम्पिअर मात्र तितके किंवा अधिक चालतात. दिवे विझणे थांबले. 'राउटर बदला' असे सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी घरांत खरे तर ॲडॉप्टरच बदलायचा असतो, असे माझे मत झाले आहे.

उरले ते हवेतले भांडण. माझा राउटर २०१३ साली घेतलेला, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलणारा. हा पट्टा भारतात २००५ साली परवानामुक्त झाला, म्हणून घराघरांत वायफाय येऊ शकले. परवाना नको म्हणजे गर्दीलाही अटकाव नको. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात, आणि स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच्याच आसपास. या पट्ट्यात तेरा चॅनेल आहेत असे म्हणतात, पण ही संख्या फसवी आहे. चॅनेल पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर आखलेली आहेत आणि प्रत्येक राउटर सुमारे वीस मेगाहर्ट्झ रुंदीने बोलतो. म्हणजे शेजारचे दोन-तीन आकडे एकमेकांवर चढतात. एकमेकांना न भिडणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११.

राउटर घेतला तेव्हा माझ्या घराभोवती बंगले होते. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून विश्रामबागेत आहे. त्यांच्या आधाराने वाढलेली ही निवांत वस्ती. आता एकेका बंगल्याच्या जागी चार-चार मजले उभे आहेत. मोबाइलवर आसपासची वायफाय दाखवणारे ॲप उघडले तेव्हा माझ्या टेबलापाशी एकोणीस नावे दिसली. बहुतेक सारी ६ वर, माझेही ६ वर, आणि दोन-तीन ४ नि ८ वर. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान आळीपाळीने बोलतात, एकमेकांचे ऐकून थांबतात. अधल्यामधल्या चॅनेलवरचे ऐकतही नाहीत, नुसता गलका करतात. गणपती पेठेत सणाच्या दिवशी शेजारच्या दोन दुकानांचे कर्णे एकदम लागले की दोघांचेही गाणे कळत नाही, तसे. रविवारी सकाळी साऱ्या वस्तीची मुले घरी असतात, हे वेळांच्या कागदाने आधीच सांगितले होते.

चॅनेल ११ केले, राउटर लोखंडी कपाटावरून काढून मधल्या भिंतीवर खांद्याएवढ्या उंचीला लावला. लोखंड लहरी अडवते. शोभेसाठी राउटर कपाटामागे लपवणे म्हणजे वक्त्याला पडद्यामागे बसवणे. आवाज पुष्कळ सुधारला. सत्राच्या वेळी तर मी लॅपटॉप केबलनेच जोडू लागलो. दाराखालून जाणारी ती पांढरी केबल पत्नीला पसंत नाही, पण दीडशे रुपयांच्या त्या केबलइतका खात्रीचा उपाय मला दुसरा सापडलेला नाही. ज्यांना शिकवायचे किंवा तोंडी परीक्षा द्यायची आहे, त्यांनी नवे यंत्र घेण्याआधी ही केबल घ्यावी.

मग नवा राउटर घेतलाच कशाला? कारणे दोन. एक, पत्नीचे आणि मुलीचे काम मोबाइलवर चालते आणि मोबाइलला केबल लावता येत नाही. जुन्या राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झवर बोलणारा भागच नव्हता. तो कोणत्याही सेटिंगने उगवत नाही. दुसरे कारण दिसत नाही, पण मला अधिक महत्त्वाचे वाटते. यंत्राच्या आतली आज्ञावली बनवणाऱ्याने वेळोवेळी दुरुस्त करायची असते. माझ्या राउटरसाठी ती दुरुस्ती कित्येक वर्षांपूर्वी थांबली होती. म्हणजे कुलूप लागत होते, पण त्या कुलपाच्या किल्ल्या एव्हाना किती जणांकडे आहेत हे पाहणारा कोणी उरला नव्हता. त्याच राउटरमधून माझ्या विद्यार्थ्यांचे गुण जात-येत होते.

नवा राउटर दोन्ही पट्ट्यांवर बोलतो. ५ गिगाहर्ट्झला जागा ऐसपैस. २०१८ साली भारतात या पट्ट्याचा आणखी मोठा भाग परवानामुक्त झाला. मात्र या लहरी विटेच्या भिंतीपुढे लवकर थकतात. शेजाऱ्यांचा उपद्रव कमी होतो तो त्यामुळेच, आणि गच्चीवर नेट मिळत नाही तेही त्यामुळेच. खोक्यावर 'वायफाय ६' असे छापलेले असते. ही आकड्यांची नावे २०१८ पासूनची, त्याआधी ८०२.११एन, ८०२.११एसी अशी कोणाच्याही जिभेवर न बसणारी नावे होती. 'वायफाय' हा शब्दही कशाचे लघुरूप नाही. 'हायफाय'शी यमक जुळवून तो १९९९ साली नाव म्हणून घडवला गेला. मराठीने त्याला विनातक्रार नपुंसकलिंग दिले, राउटरला पुल्लिंग आणि केबलला स्त्रीलिंग. का, याचे उत्तर आपण नामविचाराच्या घटकात शोधू. 'मोडेम' या शब्दाचा 'मोडणे'शी काही संबंध नाही, हेही सांगून टाकतो, कारण तो प्रश्न दरवर्षी येतो.

शब्दांच्या सारखेपणाने होणारे नुकसान मात्र थट्टेचे नसते. आमच्या शेजारचे एक निवृत्त काका नेट अडले म्हणून मदतकेंद्राशी बोलत होते. पलीकडून 'रिस्टार्ट' सांगितले गेले, इकडे 'रिसेट' ऐकले गेले. पहिल्याचा अर्थ बंद करून पुन्हा चालू करणे. त्यात काहीच हरवत नाही. दुसऱ्याचा अर्थ टाचणीने मागचे बारीक छिद्र दाबून यंत्राला कारखान्यातून आले त्या अवस्थेला नेणे. त्यात जोडणीचे नाव, संकेतशब्द, सारे पुसले जाते. काकांनी टाचणी आणली. पुढचे दोन दिवस परदेशातल्या नातवाचे दर्शन बंद. तेव्हापासून मी 'बंद करून चालू करा' असे चार शब्द वापरतो. ते लांब आहेत, पण कोणत्याही दुसऱ्या आज्ञेसारखे ऐकू येत नाहीत. नव्या राउटरच्या पाठीवर मी एक कागद चिकटवला आहे : घेतल्याची तारीख, जोडणीचे नाव, ॲडॉप्टर १२ व्होल्ट. संकेतशब्द तेवढा कपाटातल्या वहीत. जुना राउटर वायफाय बंद करून टेबलाखाली ठेवला आहे. एका केबलच्या चार करणे, एवढेच काम त्याच्याकडे उरले.

त्या नियमाचा पाठ मी पुढच्या महिन्यात पुन्हा घेतला. या वेळी वाक्याची रचना फिरवली : "पुढच्या शब्दांना हा नियम लावू नका, ते तत्सम आहेत." नकार मध्यावर आला, शेपटीला निरुपद्रवी मजकूर राहिला. स्वाध्यायांत 'मंदिर' बहुतेकांनी ऱ्हस्व लिहिले. वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवणाऱ्या ताई जत तालुक्यातल्या. त्यांच्या वाडीत रेंज फक्त घराच्या धाब्यावर मिळते, आणि उन्हाळ्यात अकरा वाजता धाब्यावर बसवत नाही. माझ्या भिंतीवरच्या नव्या राउटरचा त्यांना काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी सत्र संपले की त्या दिवसाचे नियम एका पानावर टंकून पाठवतो. मजकुराचे एक पान अगदी क्षीण रेंजमध्येही, उशिरा का होईना, पूर्ण उतरते. त्यात 'नाही' हा शब्द मी ठळक अक्षरात टंकतो.